फेब्रुवारीत जपानचे बर्फोत्सव: साप्पोरोच का? आई-बाबा सोबत आहेत

मुक्ता_कोथरूड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चूकभूल द्यावीघ्यावी.

येत्या फेब्रुवारीत जपानला जायचं चाललंय. मी, नवरा, लेक (वय ९) आणि माझे आई-बाबा. मावसभाऊ टोकियोत निशीकसाईला असतो त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस मुक्कामाची चिंता नाही, पुढचे पाच-सहा दिवस मोकळे आहेत. लेकीची शाळा आणि नवऱ्याची रजा यात बसवायचं म्हणजे १० तारखेला निघून २० पर्यंत परत, त्याच्या मागेपुढे होणार नाही.

बाबांना एकच हौस आहे, बर्फ बघायचा. रिटायर झाल्यावर आम्ही त्यांना मनालीला नेलं होतं, तिथे भाड्याचे गमबूट चढवून घोड्यांच्या लिदीतून चालत जाऊन जो काळपट ढीग बघितला त्याला ते अजून "महापालिकेचा बर्फ" म्हणतात. त्यामुळे यावेळी खरा, भरपूर आणि पांढरा पाहिजे अशी अट आहे.

एका टूरवाल्याने उत्तर जपानमधल्या साप्पोरो स्नो फेस्टिवलचं पॅकेज दिलं, आकडा ऐकून नवरा दोन मिनिटं काही बोललाच नाही. शिवाय त्यांची तारीख ५ ते १०, आम्हाला ती जमतच नाही, तसं सांगितलं तर म्हणाले अहो मॅडम फेस्टिवल नंतरही असतोच. असतो का खरंच?

दुसरं म्हणजे यूट्यूबवर पाच-सहा व्हिडिओ बघितले, सगळीकडे त्याच भल्यामोठ्या बर्फाच्या इमारती आणि समोर गर्दी. पण मध्येच एक फोटो दिसला, बर्फाची छोटी खोली, आत पिवळा उजेड, दोन लहान मुलं मांडी घालून बसलीत आणि मागच्या भिंतीत देव्हारा. तो फोटो आईने बघितला आणि म्हणाली मला हे बघायचंय. आता ते कुठलं हे कुणाला ठाऊक? आणि बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे, आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. या दोन गोष्टी धरून कुणी प्लॅन सुचवेल का. बूट इथूनच घ्यायचे का तिकडे हेही सांगा.

---

निशीकसाईचा_पक्या

"नंतरही असतोच" हे साफ खोटं. गेली काही वर्षं साप्पोरोचा फेस्टिवल ४ ते ११ फेब्रुवारी असतो आणि संपला की दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आणतात आणि सगळं पाडून टाकतात. मी एकदा चुकून १२ तारखेला तिथे होतो. पंधरा मीटर उंचीचा राजवाडा आणि त्याच्या तोंडात पिवळं बकेट घुसलेलं, आजूबाजूला लोक शांतपणे उभे राहून फोटो काढतायत. आपल्याकडे विसर्जनाला निदान ढोल तरी असतात. पाडण्याचं कारण साधं आहे, ऊन लागून वरचा भाग कोसळला तर खाली माणसं असतात.

तुम्ही १० ला निघणार म्हणजे फेस्टिवल हुकला, विषय संपला. तरीपण पुढेमागे कुणाच्या कामाला येईल म्हणून लिहितो.

सुरुवात १९५० ला झाली, शाळकरी पोरांनी ओदोरी पार्कमध्ये सहा पुतळे केले, बस एवढंच. शहरातला बर्फ उचलून टाकायची जी जागा तिथेच. मग १९५५ पासून तिकडचं सैन्य उतरलं आणि पुतळे अवाढव्य व्हायला लागले, १९७२ ला तिथे विंटर ऑलिंपिक झालं तेव्हा जगभर नाव झालं. आता दीड किलोमीटर लांब बाग दोन्ही बाजूंनी भरलेली असते आणि आठवड्याभरात वीसेक लाख लोक येतात. बर्फ बागेत पडलेला वापरत नाहीत, तो मळलेला असतो, शहराबाहेरून स्वच्छ बर्फ ट्रकच्या ट्रक भरून आणतात, फळ्यांच्या साच्यात तुडवून ठोकळे करतात आणि मग वरून खाली कोरत येतात. बारीक नक्षीचे तुकडे वेगळे करून बर्फ आणि पाण्याच्या चिखलाने चिकटवतात, आपला गवंडी सिमेंट लावतो तसं. मला खरं सांगू का, मोठ्या पुतळ्यांपेक्षा टोकाच्या भागातले दोन-दोन मीटरचे छोटे पुतळे जास्त आवडतात, ते सामान्य लोक करतात, लॉटरी लागावी लागते जागेसाठी. ऑफिसमधली चार माणसं रात्री हेडलाइट लावून मांजर कोरत बसलेली असतात. ते बघायला फेस्टिवलच्या दोन दिवस आधी जावं.

साप्पोरोतच सुसुकिनो भागात वेगळी जागा आहे, तिथे आइसचे पुतळे, म्हणजे पारदर्शक. आपली मराठी बघा, स्नो पण बर्फ, आइस पण बर्फ आणि गोळेवाल्याकडचाही बर्फच.

चालण्याचं म्हणाल तर साप्पोरो स्टेशनपासून ओदोरीपर्यंत जमिनीखालून मस्त रुंद रस्ता आहे, तिथे काही प्रश्न नाही. वर आलात की फुटपाथ म्हणजे आरसा. रोज लाखो पाय दाबून दाबून तो बर्फ काचेसारखा होतो. लोकल लोक पेंग्विनसारखे पाय सपाट टाकत चालतात, चौकाचौकात खोक्यात वाळूच्या पिशव्या ठेवलेल्या असतात, आपणच फाडून आपल्यापुढे टाकायची. मी पहिल्या वर्षी त्या खोक्याला टेकूनच आपटलो होतो, ते जाऊ दे.

तरी उत्तरेला यायचंच असेल तर शिकोत्सु तलाव बघा, तिथला आइस फेस्टिवल जानेवारी अखेरपासून फेब्रुवारी उलटत आला तरी चालू असतो. सांगाड्यावर तलावाचं पाणी फवारत फवारत गोठवतात, दिवसा सगळं निळं दिसतं, अक्षरशः शाईसारखं. चितोसे एअरपोर्टपासून जवळ.

---

लाल_मातीचा

चिपळूणकर, सध्या मुक्काम बंगळुरू, त्याआधी चार वर्षं निइगाताला शिकायला होतो. पक्याशेठनी उत्तरेचं सांगितलं, मी मधल्या भागाचं सांगतो.

मुक्ताताई, बाबांना बर्फ बघायचा असेल तर विमानाने लांब जायची गरजच नाही, टोकियोहून शिनकानसेनमध्ये (बुलेट ट्रेन) बसा आणि सव्वा तासात निइगाता प्रांतात एचिगो-युझावाला उतरा. आणि खिडकीची सीट घ्या, शक्य असेल तर बाबांना द्या. कारण काय होतं की टोकियोत फेब्रुवारीत लख्ख ऊन असतं, कोरडं, वाटेतल्या गुन्मा प्रांतापर्यंत शेतं तपकिरी दिसतात, तुम्हाला वाटतं आपण फसलो. मग गाडी बोगद्यात शिरते, दाइशिमिझू, २२ किलोमीटर, कान दडपतात, बाहेर येते आणि घरांच्या खिडक्यांपर्यंत बर्फ. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा डब्यातली सगळी माणसं आपापल्या मोबाईलमध्ये आणि मी एकटाच ओरडलो, शेजारच्या आजीने मला संत्रं दिलं.

आता हे असं का, तर कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. सायबेरियातून कोरडा गार वारा सुटतो, तो जपानच्या समुद्रावरून येतो, तो समुद्र त्यामानाने कोमट, खालून उष्ण प्रवाह वाहतो, त्यामुळे वारा पाणी पिऊन जड होतो आणि पुढे डोंगर आडवा आला की सगळं ओझं तिथेच टाकून मोकळा. पलीकडे उतरतो तो परत कोरडा. म्हणजे निइगाता, आकिता हे कोकण आणि घाटमाथा, आणि टोकियो म्हणजे फलटण. आपल्याकडे पाऊस, त्यांच्याकडे बर्फ, हिशोब तोच. म्हणून सायबेरियाइतकी थंडी नसतानाही बर्फ मात्र दोन-दोन, तीन-तीन मीटर. आओमोरीजवळ सुकायु म्हणून एक गरम पाण्याचं ठिकाण आहे तिथे २०१३ च्या फेब्रुवारीत जमिनीवर साचलेला बर्फ ५६६ सेंटिमीटर मोजला होता. दुमजली घर.

तुमच्या तारखांत बसणारा बर्फोत्सव म्हणजे निइगातातल्याच तोकामाचीचा. फेब्रुवारीच्या मध्याला, तिसऱ्या वीकएंडच्या आसपास असतो, दरवर्षी एकदा तारीख बघून घ्या. हाही १९५० चाच, आणि साप्पोरोच्या दोन आठवडे आधीचा, ४ फेब्रुवारी, त्यामुळे तोकामाचीवाले छाती पुढे काढून सांगतात की हल्लीचे हे बर्फोत्सव आमच्यापासून सुरू झाले. तिथे एक मोठं मैदान नाही, पुतळे गल्लोगल्ली असतात. प्रत्येक आळी आपला करते, कामावरून आल्यावर रात्री दिवे लावून. आपल्याकडे गणपतीचा मांडव घालायला जी चार माणसं शेवटपर्यंत थांबतात ना तशीच चार माणसं तिथे दिसतात, एक जण कोरतो आणि तीन जण सांगतात कुठे कोरायचं. गाव मूळ कपड्याचं, किमोनो विणणाऱ्यांचं. त्या भागात माघाच्या उन्हात बर्फावर कापड पसरून पांढरं करायची जुनी पद्धत आहे, ते एचिगोचं (निइगाताचं जुनं नाव) कापड २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. बर्फ हा त्यांच्यासाठी नुसता त्रास नाही, धोबीपण आहे.

पण त्रास आहेच, ते कुणी व्हिडिओत दाखवत नाही. निइगाताचा बर्फ ओला आणि जड. उत्तरेचा बर्फ अंगावरून झटकता येतो, इथला चिकटतो, लोक चक्क छत्री घेऊन फिरतात. छपरावर साचला की उतरवावा लागतो नाहीतर घर करकरायला लागतं, दबलेला बर्फ घनमीटरला तीनशे किलोच्या पुढे जातो. गावात उरलीत म्हातारी माणसं, तीच शिडी लावून चढतात, आणि दर हिवाळ्यात पडून माणसं जातात. माझे घरमालक ७४ वर्षांचे, मी वर चढतो म्हटलं तर हसले, म्हणाले तू खालीच राहा, तू पडलास तर तुझ्या आईला काय सांगू.

रस्त्यांचं पण ऐकून ठेवा. नागाओका वगैरे भागात रस्त्याच्या मधोमध नळ पुरलेत, त्यातून जमिनीखालचं पाणी कारंज्यासारखं उडतं, ते बारा-तेरा डिग्रीचं असतं म्हणून बर्फ वितळतो. आयडिया भारी पण त्याचा अर्थ असा की रस्ताभर घोट्याएवढा पातळ चिखल आणि महागडे स्नोबूट दहा मिनिटांत ओले. तिथे सगळे साधे रबरी गमबूट घालतात, नागागुत्सु म्हणायचं, स्टेशनजवळच्या कुठल्याही मोठ्या हार्डवेअर टाइप दुकानात मिळतात, पुण्याहून काही नेऊ नका, जाड मोजे तेवढे न्या. आणि त्या पाण्यात लोह असतं त्यामुळे वर्षानुवर्षं रस्ते गंजून तांबडे झालेत. पहिल्या उन्हाळ्यात बर्फ गेल्यावर ते तांबडे रस्ते बघितले आणि मला घरची इतकी आठवण आली की काय सांगू. आयडी तेव्हाचाच आहे.

जाता जाता: तोकामाचीतच मात्सुनोयामा म्हणून भाग आहे, तिथे १५ जानेवारीला जावई फेकतात. गंमत नाही करत. गावातली मुलगी बाहेरच्याने नेली की पुढच्या जानेवारीत गावची पोरं त्याला देवळापाशी उचलून नेतात, तीनदा झुलवतात आणि पाच मीटर खाली बर्फात भिरकावतात, खाली बायको स्वागताला उभी. त्यानंतर होळीसारखी मोठी शेकोटी पेटवतात आणि तिची राख बर्फात कालवून जो दिसेल त्याच्या तोंडाला फासतात, वर अभिनंदन म्हणतात. पोलीस, पाहुणे, टीव्हीवाले, कुणी सुटत नाही. मी त्या दिवशी आईला व्हिडिओ कॉल केला, ती म्हणाली अरे ही तर धुळवड.

---

मुक्ता_कोथरूड

बापरे, केवढं लिहिलंत! सगळं बाबांना वाचून दाखवलं. जावयाचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला.

पण मग तो देव्हाऱ्याचा फोटो तोकामाचीचा का?

---

रानजाई

नाही, तो फोटो बहुतेक आकिता प्रांतातल्या योकोतेचा. त्या खोलीला कामाकुरा म्हणतात. मी तीन वर्षांपूर्वी एकटीच गेले होते, त्यामुळे थोडं नीट सांगते.

तिथला उत्सव परंपरेने १५ आणि १६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी असतो, पण हल्ली वीकएंड बघून सरकवतात, तिकिटं काढण्याआधी शहराच्या साइटवर त्या वर्षीची तारीख बघाच. साडेचारशे वर्षं चालत आलंय असं तिथले सांगतात. आणि मुख्य गोष्ट जी मला आधी माहीत नव्हती, तो देव्हारा पाण्याच्या देवाचा आहे. मिझुगामीसामा. मला पहिल्यांदा हसू आलं, एवढ्या बर्फात गाडलेलं गाव आणि पाण्याची प्रार्थना कसली करताय. तिथल्या एका काकूंनी माझ्याकडे बघून समजावलं (माझं जपानी अर्धं, त्यांचं बोलणं त्यांच्या बोलीत, तरी कळलं) की हा बर्फ एप्रिलमध्ये उतरेल तेव्हा भाताला पाणी, विहिरीला पाणी, आणि पाणी येतं तसं बिघडतंही.

आता आत काय होतं ते. खोली बाहेरून तीन मीटर उंच, गोल. बर्फाचा ढीग रचतात, आठवडाभर तसाच बसू देतात, तो घट्ट झाला की आतून कोरतात. रचून मग पोकळ करायचं, त्यामुळे एस्किमोंच्या विटांच्या घरासारखं नाही हं. आत चटया, मध्ये लहानशी कोळशाची शेगडी, त्यावर जाळी, जाळीवर मोची (कुटलेल्या भाताच्या चिकट वड्या) भाजत ठेवलेली. मागच्या भिंतीत कोनाडा कोरलेला, त्यात देव, संत्री, दोन मेणबत्त्या.

मी एका कामाकुराच्या बाहेर उभी राहून फोटो काढत होते तर आतून सात-आठ वर्षांची मुलगी ओरडली, "हाइत्ते तान्से!" म्हणजे आत या ना, पण तिथल्या बोलीतलं. पाठोपाठ तिच्या भावाचं "ओगान्दे तान्से", देवाला नमस्कार करा. बूट काढून आत शिरले. नमस्कार केला, कोनाड्यापुढे दोन नाणी ठेवली. मुलीने दोन्ही हातांनी आमाझाके दिलं, ते तांदळाचं गोडसर गरम पेय, आपल्या तांदळाच्या पातळ खिरीची आठवण येते पण आंबूस. मोची तिने काठीने उलटली, एक बाजू काळी झाली होती, तर भाऊ म्हणाला ही ताई खाते नेहमी करपलेली, मग तिने त्याला कोपर मारलं. एवढंच. दहा मिनिटं बसले असेन. वाऱ्याचा आवाज एकदम बंद होतो आत, आणि भिंत मेणबत्तीच्या उजेडात दुधासारखी दिसते. छताला बोट लावलं तर मुलगी म्हणाली लावू नका, पाणी ठिबकेल.

मला सारखा दिवाळीचा किल्ला आठवत होता. आम्ही नगरला वाड्यात किल्ला करायचो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायचो, काका किल्ला बघायला या, आणि बघून झाल्यावर त्यांनी पुढ्यात काहीतरी ठेवावं अशी आशा असायची. अगदी तेच तोंड त्या मुलांचं.

नदीकाठी जानोसाकीला मुठीएवढे-बादलीएवढे हजारो छोटे कामाकुरा करतात, प्रत्येकात एक मेणबत्ती. तिथे लोक बोलतच नाहीत फारसे. ब्रुनो टाउट म्हणून जर्मन वास्तुकार १९३६ मध्ये इथे आला होता, त्याने फार कौतुक करून लिहिलं, योकोतेवाले अजून त्याचं नाव घेतात.

आता अडचणी. आत जमिनीवर बसावं लागतं, बाबांना गुडघ्यामुळे जड जाईल, पण दाराशी वाकून नमस्कार केला तरी चालतं, कुणी काही म्हणत नाही. गाव लहान, हॉटेलं महिने आधी भरतात, मी ओमागारीला राहिले होते, तिथून लोकल ट्रेनने वीस मिनिटं. टोकियोहून ओमागारीपर्यंत कोमाची शिनकानसेन थेट जाते. आणि एखाद्या वर्षी बर्फच कमी पडतो, २०२० ला अख्ख्या उत्तर जपानची पंचाईत झाली होती, तिकडे साप्पोरोलाही लांबून बर्फ आणावा लागला. तसं झालंच तर योकोतेत कामाकुराकान नावाची इमारत आहे, आत उणे दहा डिग्रीच्या खोलीत बारा महिने कामाकुरा ठेवलेले असतात. उन्हाळ्यातसुद्धा जाडा कोट देऊन आत सोडतात.

---

स्पष्टवक्ता_ठाणे

सगळे भावनेत वाहत चाललेत म्हणून दोन शब्द.

एक. आईंचं जेवण. जपानमध्ये भाजी दिसली म्हणजे शाकाहारी असं नाही. सूपात, सोबा नूडल्सच्या रसात, शिजवलेल्या भाजीत, सगळ्यात दाशी, म्हणजे सुक्या माशाचं पाणी. निइगाताची ती प्रसिद्ध हेगी सोबा, नूडल्समध्ये समुद्री शेवाळ असतं ते ठीक, पण बुडवायचा रस माशाचाच. योकोतेचे याकिसोबा (परतलेल्या नूडल्स) वर अर्धकच्चं अंडं घालून देतात. लहान गावात "नो फिश" सांगितलं तर मासा काढून तेच सूप देतात, त्यांची चूक नाही, त्यांना कळतच नाही. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, छोटा राइस कुकर सोबत ठेवा. भात कुठेही उत्तम मिळतो. उत्सवात लोण्याचा बटाटा, भाजलेलं रताळं, मोची, हे खुशाल खा.

दोन. वय. पाच जणांचं सामान घेऊन बर्फातून दोन गावं करू नका. मोठ्या बॅगा निशीकसाईला ठेवा, एकेक पाठपिशवी न्या. किंवा बॅगा कुरियरने पुढच्या हॉटेलला पाठवा, तिकडे ती सोय चोख आहे.

तीन. सात दिवसांचा देशभराचा रेल्वे पास २०२३ च्या ऑक्टोबरात २९,६५० येनवरून एकदम ५०,००० झाला. जुने ब्लॉग वाचून तो घेऊ नका. तुमच्या प्रवासाला पूर्व जपानचा विभागीय पास बघा किंवा सुटी तिकिटं.

चार. माझं मत विचाराल तर एकच ठिकाण निवडा आणि तिथे दोन रात्री काढा. मी साप्पोरो, ओतारू, असाहिकावा पाच दिवसांत केलं होतं. आता फोटो बघितले तर कुठला कुठला ते बायकोला विचारावं लागतं.

---

निशीकसाईचा_पक्या

ठाणेकर, तुमचं चौथं सोडून सगळं मान्य. ओतारूला उगाच बोलू नका :) साप्पोरोजवळच्या या गावात उत्सवाच्या वेळी कालव्यात काचेचे गोळे तरंगत असतात, कोळी लोक जाळ्याला बांधायचे ते, आणि त्यात मेणबत्त्या. साप्पोरोच्या गोंगाटानंतर तिथे गेलं की बरं वाटतं. पण हो, एका दिवसात दोन्ही केलं की दोन्ही पुसट होतं हे खरंय.

मुक्ताताई, भावाला सांगून ठेवा, परत आल्यावर सगळ्यांचे कपडे वाळवायला त्याच्या घरात जागा लागेल. इथे हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की रात्रीत वाळतात, तेवढं एक बरंय.

---

लाल_मातीचा

+१ ठाणेकरांना, सामानाच्या मुद्द्याला तर +१०.

माझा क्रम असा असता: योकोते आधी, आईंसाठी, एक रात्र नाही दोन. मग टोकियोला परत, एक दिवस आराम, मग बाबांना घेऊन युझावा किंवा तोकामाची, जमलं तर त्याच दिवशी परत नाहीतर मात्सुनोयामाला मुक्काम. तिथलं गरम पाणी खारट आहे, डोंगरात समुद्रासारखं, आणि गुडघ्याला फार बरं वाटतं, माझे घरमालक छपरावरून उतरले की थेट तिकडेच जायचे. फक्त अंघोळीला कपडे घालून उतरता येत नाही हे बाबांना इथूनच सांगून ठेवा, तिथे गेल्यावर चर्चा नको.

महापालिकेचा बर्फ म्हणायची सोय मात्र इथे नाही. रात्री तीनला महापालिकेचा नांगर येतो, पहाटे दार उघडलं की सगळा बर्फ तुमच्या फाटकासमोर लोटलेला, आणि तो तुम्हीच उपसायचा. त्यावरून तिथेही लोक महापालिकेला शिव्या घालतात.

---

मुक्ता_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. टूरवाल्याला नको म्हणून कळवलं. ओमागारीला दोन खोल्या मिळाल्या, जरा महाग पडल्या पण मिळाल्या. आई रोज "हाइत्ते तान्से" म्हणायची प्रॅक्टिस करतेय, काल वॉचमनला म्हणाली. देवापुढे ठेवायला दोन नाणी वेगळी काढायचीत असंही ठरलंय, शिवाय त्या मुलांसाठी तिळाच्या वड्या नेऊ का विचारतेय. चालतील का? संक्रांतीच्या उरतात दरवर्षी.

बाबा युझावाच्या खिडकीच्या सीटवर खूश आहेत. फक्त त्यांनी एक विचारायला सांगितलंय, नवऱ्याची रजा जानेवारीत बदलून घेता आली तर १५ तारखेला जावयाला घेऊन मात्सुनोयामाला नोंदणी कुठे करायची. नवरा शेजारीच बसलाय.

---

रानजाई

मुलांना थेट खाऊ देण्यापेक्षा सोबत जी मोठी माणसं बसलेली असतात त्यांना विचारून द्या, तिकडे ॲलर्जी वगैरेची काळजी घेतात. तिळाच्या वड्या त्यांना ओळखीच्या वाटतील, तीळ तेही भरपूर खातात. फक्त कडक झालेल्या नेऊ नका, थंडीत दगड होतात.

---

लाल_मातीचा

बाबांना सांगा, आदल्या वर्षात लग्न झालेला जावई लागतो. तुमची लेक नऊ वर्षांची, म्हणजे हा जावई केव्हाच मुदतबाह्य झालाय. चान्स गेला.